कमोडोर ६४ चा काठ कसा उघडतात

कमोडोर ६४ हा संगणक टीव्हीला जोडून सुरू केला की मधोमध निळा आयत दिसतो आणि त्याच्या चारही बाजूंना फिकट निळ्या रंगाचा रुंद काठ दिसतो. चित्र, अक्षरे, खेळातील पात्रे हे सर्व मधल्या ३२० बाय २०० ठिपक्यांच्या आयतातच चालते. काठाचा रंग बदलता येतो, पण काठावर काही काढता येत नाही, असेच यंत्राबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेवरून कोणीही समजेल. त्यामुळे १९८० च्या दशकाच्या मध्यावर काही युरोपीय मुलांच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरांची ओळ या आयतातून सरकत खाली आली आणि न थांबता सरळ काठात उतरली, तेव्हा यंत्र न ओळखणाऱ्याला त्यात काही विशेष वाटले नसेल. पण जे ते यंत्र रोज वापरत होते त्यांनी नक्कीच खुर्ची पुढे ओढली असेल.

अशा प्रोग्रॅमना डेमो म्हणतात. डेमो म्हणजे संगीताच्या साथीने चालणारा, त्या क्षणी यंत्रावरच घडणारा दृश्यांचा खेळ. त्याचा उगम फारसा सोज्वळ नाही. विकत मिळणाऱ्या खेळांचे कॉपी-संरक्षण फोडणारे गट खेळ सुरू होण्याआधी स्वतःच्या नावाचा एक छोटा, झगमगीत पडदा जोडत असत. पुढे खेळ फोडण्यापेक्षा हा पडदा अधिक चांगला करण्याचीच चुरस लागली, फ्लॉपी टपालाने देशोदेशी फिरू लागल्या आणि डेमो लिहिणाऱ्यांचा एक स्वतंत्र समाज तयार झाला, त्याला डेमोसीन असे नाव पडले. फिनलंडने २०२० साली आणि जर्मनीने २०२१ साली या परंपरेची नोंद आपापल्या देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. एके काळी पोलिसांना चुकवून चाललेल्या उद्योगाच्या वाट्याला हा मान यावा, याची मला गंमत वाटते.

हा काठ कसा उघडतो हे समजून घेतले तर जुन्या घरगुती संगणकांवरील बाकीच्या बहुतेक करामतींची किल्ली हाती येते, म्हणून लेखाचा बराचसा भाग त्याच एका करामतीला दिला आहे.

कमोडोर ६४ बाजारात आला १९८२ साली. त्यात ६४ किलोबाइट स्मृती, सेकंदाला सुमारे दहा लाख ठोके देणाऱ्या घड्याळावर चालणारा ६५१० हा प्रोसेसर आणि चित्र काढण्यासाठी व्हिक-टू नावाची वेगळी चिप होती. रंग सोळा. याशिवाय चित्रावरून स्वतंत्रपणे फिरवता येणारे, प्रत्येकी २४ ठिपके रुंद आणि २१ ठिपके उंच असे आठ तुकडे मिळत, त्यांना स्प्राइट म्हणतात. ६५१० ला गुणाकाराची आज्ञादेखील नाही. बेरीज, वजाबाकी आणि आकडे इकडून तिकडे हलवणे एवढ्यावरच त्याचा संसार चालतो. अशा यंत्राकडून मोठे चित्र हलवण्याचे काम करून घ्यायचे तर काय होते, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. पूर्ण पडद्याचे चित्र आणि त्याच्या रंगांची माहिती मिळून सुमारे १०,००० बाइट होतात. एक बाइट उचलून दुसरीकडे ठेवायला किमान आठ ठोके लागतात, म्हणजे संपूर्ण चित्र एकदा सरकवायला ८०,००० ठोके. टीव्हीवर एक चित्र जाऊन दुसरे येईपर्यंत मात्र हाताशी असतात फक्त १९,६५६ ठोके. सरळ मार्गाने जाणाऱ्याचे गाडे इथेच अडते.

डेमो लिहिणारे सरळ मार्गाने जात नाहीत. काचेच्या नळीचा जुना टीव्ही संपूर्ण चित्र एकदम दाखवत नाही, ही गोष्ट त्यांच्या कामाच्या मुळाशी आहे. नळीच्या मागून येणारी इलेक्ट्रॉनची शलाका वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघते, एक आडवी ओळ उजळवत उजवीकडे जाते, परत फिरून त्याखालची ओळ घेते आणि तळापर्यंत पोहोचली की पुन्हा वर येते. दूरदर्शनच्या काळात चालू टीव्हीचा फोटो काढल्यावर त्यात मधूनच काळा पट्टा आलेला ज्यांना आठवत असेल, त्यांनी ही शलाका एका अर्थाने पाहिलेलीच आहे. कॅमेऱ्याची झडप शलाकेची फेरी पूर्ण होण्याआधी मिटल्यामुळे तो पट्टा येई. युरोपात आणि आपल्याकडेही वापरात असलेल्या पाल पद्धतीत ही फेरी सेकंदाला पन्नास वेळा होते. कमोडोर ६४ च्या हिशेबात प्रत्येक फेरीत ३१२ ओळी आणि प्रत्येक ओळीला ६३ ठोके असतात. घड्याळाचा एक ठोका पडतो तेवढ्यात शलाका बरोबर आठ ठिपके पुढे सरकते.

याचा अर्थ पडद्यावरील प्रत्येक जागेला एक वेळ आहे आणि प्रत्येक वेळेला एक जागा आहे. व्हिक-टू चिप काठाचा रंग कोणता, याची नोंद ५३२८० क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आपल्या आतल्या एका छोट्या नोंदघरात, ठेवते आणि तो रंग फेरीच्या सुरुवातीला एकदाच विचारून घेत नाही, तर शलाका काठावरून जात असताना प्रत्येक ठिपक्याला त्या वेळची नोंद वापरते. साहजिकच शलाका अर्ध्या वाटेवर असताना नोंद बदलली तर वरचा अर्धा काठ एका रंगाचा आणि खालचा दुसऱ्या रंगाचा होतो. दर ओळीला बदलली तर काठावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे येतात. एकाच ओळीत अनेकदा बदलायची म्हटली, तर रजिस्टरमध्ये आकडा लिहिण्याच्या आज्ञेला चार ठोके लागतात आणि चार ठोक्यांत शलाका ३२ ठिपके पुढे गेलेली असते, म्हणून यापेक्षा अरुंद पट्टा या मार्गाने काढता येत नाही. डेमो लिहिणारे याच गुणधर्माचा उपयोग फूटपट्टीसारखाही करतात. संगीत वाजवणारा प्रोग्रॅमचा भाग सुरू होताना काठ लाल करायचा आणि तो भाग संपताच पुन्हा काळा करायचा. लाल पट्टा जेवढा जाड, तेवढा वेळ संगीताने खाल्ला. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात वेळ सेकंदांत येत नाही, ओळींत येतो.

आता काठ. तो नेमका कुठे सुरू करायचा, हे व्हिक-टू कसे ठरवते ते पाहू. या चिपमध्ये उभ्या दिशेला दोन मापे आहेत. पहिल्या मापात अक्षरांच्या २५ रांगा दिसतात आणि खालचा काठ २५१ व्या ओळीला सुरू होतो. दुसऱ्या मापात २४ रांगा दिसतात आणि काठ २४७ व्या ओळीलाच सुरू होतो. चित्र हळूहळू वर-खाली सरकवताना कडेची अर्धवट दिसणारी रांग झाकली जावी, म्हणून हे आखूड माप दिलेले आहे. चिप मात्र आपण काठाच्या पलीकडे गेलो आहोत का, असे विचारत नाही. ती एवढेच पाहते की चालू ओळीचा क्रमांक ठरलेल्या क्रमांकाशी जुळतो का. जुळला तर काठ सुरू, नाही तर चित्र चालू. लहानमोठेपणा तपासण्यापेक्षा समानता तपासणारे मंडल सोपे आणि स्वस्त असते, आणि सामान्य वापरात त्याने काही बिघडतही नाही.

समजा २५ रांगांचे माप चालू आहे. २४७ वी ओळ येते. चिप २५१ ची वाट पाहत असल्यामुळे काही होत नाही. शलाका २४८ ते २५० या ओळींच्या दरम्यान असताना प्रोग्रॅम ५३२६५ क्रमांकाच्या रजिस्टरमधील एक बिट बदलून २४ रांगांचे माप लावतो. आता चिप २४७ ची वाट पाहू लागते, पण ती ओळ केव्हाच मागे पडलेली आहे. मग २५१ वी ओळ येते, तिच्याकडे चिपचे लक्षच नाही. काठ सुरू करण्याची वेळ दोन्हीकडून हुकते आणि काठ मुळी पडतच नाही, खालीही नाही आणि पुढच्या फेरीत वरही नाही. पुढची २४७ वी ओळ येण्यापूर्वी माप पुन्हा २५ रांगांचे करून ठेवले की दर फेरीला हाच चकवा देता येतो. नाक्यावरचा जकातवाला जेवायला उठल्याची वेळ साधून गाडी पलीकडे न्यावी, तसा हा प्रकार आहे.

उघडलेल्या जागेत चिप काय दाखवते, हाही भाग मजेदार आहे. तिच्याकडे तिथले चित्र नसतेच, कारण चित्राची स्मृती २०० ओळींनंतर संपलेली असते. अशा वेळी ती आपल्या दृष्टीच्या, म्हणजे तिला दिसणाऱ्या १६ किलोबाइट स्मृतीमधला शेवटचा बाइट, म्हणजे १६३८३ व्या जागेचा आकडा, पुन्हा पुन्हा वाचत राहते. त्या जागी योगायोगाने काही पडलेले असेल तर उघडलेल्या काठात काळ्या उभ्या रेघा उमटतात. तिथे शून्य लिहिले की रेघा जातात आणि मोकळे मैदान मिळते. स्प्राइट मात्र या मैदानात नेहमीप्रमाणे फिरू शकतात. काठात उतरणारी ती अक्षरे प्रत्यक्षात स्प्राइटवर काढलेली असतात.

वरचा आणि खालचा काठ उघडायला फेरीत एकदाच, आणि तेही तीन ओळींच्या सैल मुदतीत, हात फिरवावा लागतो. डावा-उजवा काठ उघडण्याचे तत्त्व हेच असले तरी काम फार कठीण आहे. तिथे ४० आणि ३८ स्तंभांची दोन मापे आहेत, त्यांच्या उजव्या सीमांमध्ये अंतर आहे नऊ ठिपक्यांचे, म्हणजे जेमतेम एका ठोक्याचे, आणि ही संधी प्रत्येक ओळीला नव्याने साधावी लागते. याचे श्रेय सहसा नेदरलँड्सच्या १००१ क्रू या गटाला दिले जाते. एक ठोका इकडे की तिकडे झाला, की त्या ओळीचा काठ परत मिटतो.

एका ठोक्याची अचूकता येते कुठून? ठरावीक ओळ आली की प्रोसेसरला हाक मारण्याची सोय व्हिक-टूमध्ये आहे. हिला इंटरप्ट म्हणतात. पण प्रोसेसर हातातील आज्ञा पूर्ण केल्याशिवाय हाकेला ओ देत नाही, आणि आज्ञा दोन ठोक्यांची असू शकते किंवा सात ठोक्यांचीही. त्यामुळे तो कधी लगेच हजर होतो, कधी शलाका चाळीसेक ठिपके पुढे गेल्यावर. यावरचा तोडगा दोन टप्प्यांचा आहे. पहिल्या हाकेला हजर झाल्यावर प्रोग्रॅम पुढच्या ओळीसाठी दुसरी हाक लावतो आणि ती येईपर्यंत फक्त दोन ठोक्यांच्या 'काही करू नको' या आज्ञा चालवत बसतो. त्यामुळे दुसऱ्या हाकेला होणारा उशीर शून्य किंवा एक ठोक्याचाच उरतो. हा उरलेला एक ठोका काढण्याची युक्ती मला संपूर्ण विषयातील सर्वांत देखणी वाटते. ओळ बदलण्याच्या अगदी उंबरठ्यावर प्रोग्रॅम ओळीचा क्रमांक पुन्हा वाचतो आणि 'तोच असेल तर उडी मार' अशी आज्ञा देतो. उडी मारायची आहे ती लगेच पुढच्याच आज्ञेवर. म्हणजे उडी मारली काय आणि न मारली काय, पोहोचायचे तिथेच. फरक एवढाच, की मारलेल्या उडीला तीन ठोके लागतात आणि न मारलेल्या उडीला दोन. लवकर आलेल्याला क्रमांक तोच दिसतो, तो उडी मारतो आणि एक ठोका घालवतो. उशिरा आलेल्याला क्रमांक बदललेला दिसतो, तो सरळ जातो. दोघेही एकाच ठोक्याला पुढे निघतात. निरर्थक दिसणारी आज्ञा निव्वळ तिला लागणाऱ्या वेळासाठी वापरलेली आहे.

यानंतरही एक अडचण शिल्लक राहते. अक्षरांची प्रत्येक नवी रांग सुरू होताना, म्हणजे दर आठव्या ओळीला, व्हिक-टूला त्या रांगेतील ४० घरांची माहिती स्मृतीतून आणावी लागते आणि तेवढा काळ ती प्रोसेसरला थांबवून ठेवते. अशा ओळीला 'बॅड लाइन' म्हणतात. ६३ ठोक्यांपैकी चाळीस चिपने घेतल्यावर प्रोसेसरच्या हाती उरतात २३. स्प्राइट दाखवायचे असतील तर त्यांचाही वाटा त्यातूनच जातो. बॅड लाइनचा काळ म्हणजे प्रोग्रॅमरच्या दृष्टीने निव्वळ नुकसान, असेच कोणीही म्हणेल. डेमो लिहिणाऱ्यांनी ती मुद्दाम दर ओळीला घडवून आणली.

त्याचे कारण रंगांत आहे. बहुरंगी चित्रात चार ठिपके रुंद आणि आठ ओळी उंच अशा घरामागे चारच रंग मिळतात, आणि त्यांतील एक सगळ्या पडद्याला सामाईक असतो. घराच्या वरच्या ओळीला एक छटा आणि खालच्या ओळीला दुसरी हवी असेल तर ती मिळत नाही, कारण रंगांची माहिती दर आठ ओळींनी एकदाच वाचली जाते. आता कोणती ओळ बॅड लाइन, हे चिप ठरवते ती ओळीच्या क्रमांकाचे शेवटचे तीन बिट आणि चित्र वर-खाली सरकवण्याच्या रजिस्टरमधला आकडा जुळतात का, हे पाहून. हा आकडा प्रोग्रॅमने प्रत्येक ओळीला बदलून जुळवत नेला, तर प्रत्येक ओळीला चिपची समजूत होते की नवी रांग सुरू झाली, आणि ती रंगांची माहिती नव्याने वाचते. त्याच वेळी माहितीचा तक्ता कुठे आहे हे सांगणारे रजिस्टरही बदलले की प्रत्येक ओळीला वेगळा तक्ता मिळतो. असे आठ तक्ते आणि चित्र मिळून चिपच्या दृष्टीचे १६ किलोबाइट जवळपास पूर्ण भरतात. या पद्धतीला एफएलआय म्हणतात, आणि तिच्यामुळे दोन रंग आठ ओळींच्या घराऐवजी एका ओळीच्या घराला निवडता येतात.

तिची किंमतही पडद्यावरच मोजावी लागते. अचानक लादलेल्या बॅड लाइनला चिपला स्मृतीचा ताबा मिळेपर्यंत तीन ठोके जातात, आणि तोवर डावीकडच्या तीन घरांत खरी माहिती न येता करड्या रंगाचा कचरा दिसतो. तीन घरे म्हणजे २४ ठिपके. स्प्राइटची रुंदीही २४ ठिपके! त्यामुळे अनेक चित्रकार त्या पट्टीवर वरपासून खालपर्यंत स्प्राइट लावून ती झाकतात, तर काही जण चित्रच तेवढे अरुंद धरतात.

झेडएक्स स्पेक्ट्रम या १९८२ च्याच ब्रिटिश संगणकावर दुखणे हेच होते, औषध थोडे वेगळे. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन काढलेल्या त्याच्या 'डीबी स्पेक्ट्रम' या भारतीय आवृत्तीमुळे आपल्याकडच्या काही वाचकांना तो माहीत असेल. त्यावर आठ बाय आठच्या घराला दोनच रंग मिळत, म्हणून हिरव्या झाडासमोरून पिवळा माणूस गेला की झाडही पिवळे होई. तिथे स्प्राइट नाहीत, ठरावीक ओळीला हाक मारणारी चिप नाही. फेरीत एकदा इंटरप्ट येतो आणि पुढे प्रत्येक ओळीचे २२४ ठोके मोजत बसावे लागते. शलाका घराच्या पहिल्या ओळीवरून पुढे गेली, की ती दुसऱ्या ओळीवर येण्याआधी रंगाची नोंद बदलायची, हाच उपाय. त्यासाठी स्पेक्ट्रमवर प्रोसेसरचा स्टॅक, म्हणजे आकडे एकावर एक रचून ठेवण्याची स्मृतीतली जागा, वापरतात, कारण त्यावर आकडे ढकलणारी आज्ञा एका दमात दोन बाइट लिहिते. तरीही बत्तीसही घरे दर ओळीला बदलण्याइतका वेळ पुरत नाही, म्हणून असे चित्र पडद्याच्या मधल्या भागात ठेवतात किंवा रंग दर दोन ओळींनी बदलतात.

फिरणारे घन आणि गोल दाखवणाऱ्या भागांत तोकडेपणा गणिताचा असतो. गुणाकाराच्या आज्ञेवाचून गुणाकार करायचा, तर दोन संख्यांच्या बेरजेच्या वर्गाच्या चतुर्थांशातून त्यांच्या वजाबाकीच्या वर्गाचा चतुर्थांश वजा करतात: ७ आणि ५ यांची बेरीज १२, तिच्या वर्गाचा चतुर्थांश ३६, वजाबाकी २, तिच्या वर्गाचा चतुर्थांश १, उत्तर ३५. वर्गांच्या चतुर्थांशांचा पाढा स्मृतीत आधीच लिहून ठेवला की प्रोसेसरला दोनदा पाहून एकदा वजाबाकी करण्याचेच काम उरते. आजचे डेमो लिहिणारे असे पाढे, आणि पुष्कळदा संपूर्ण हालचालीसुद्धा, आधुनिक संगणकावर तयार करून फ्लॉपीत भरतात. काहींना ही लबाडी वाटते. मला वाटत नाही, कारण ती माहिती वेळेत पडद्यावर आणण्याचे काम शेवटी त्या दहा लाख ठोक्यांच्या प्रोसेसरलाच करावे लागते.

मोठे चित्र सरकवायला ८०,००० ठोके लागतात, असे सुरुवातीला म्हटले होते. त्यावरही बॅड लाइनचाच उपाय निघाला. बॅड लाइन ओळीच्या सुरुवातीला घडू न देता काही ठोके उशिरा घडवली, तर चिपची मोजणी तेवढ्या घरांनी मागे पडते आणि खालचे सगळे चित्र तेवढेच उजवीकडे सरकलेले दिसते. एकही बाइट न हलवता, एका रजिस्टरमध्ये योग्य ठोक्याला एक आकडा लिहून हे साधते. या पद्धतीला व्हीएसपी म्हणतात. मात्र ती काही यंत्रांवर चालते आणि काहींवर मध्येच सगळे ठप्प करते. एकाच कारखान्यातून निघालेल्या, दिसायला सारख्या दोन कमोडोरांपैकी एकावर डेमो शेवटपर्यंत जाई आणि दुसऱ्यावर अडके.

लिनस ऑकेसन या स्वीडिश प्रोग्रॅमरने २०१३ साली याचे कारण उलगडून दाखवले. बॅड लाइन अवेळी लादली गेली की चिप स्मृतीला पाठवत असलेला पत्ता नको त्या क्षणी बदलतो, स्मृतीच्या चिपना तो धड जुनाही वाटत नाही आणि नवाही वाटत नाही, आणि अनेक रांगांमधला मजकूर एकमेकांत मिसळतो. मात्र हा बिघाड सरसकट होत नाही. सोळामान पद्धतीत (तिच्यात ९ नंतरचे अंक ए ते एफ या अक्षरांनी लिहितात) लिहिलेल्या पत्त्याचा शेवटचा अंक ७ किंवा एफ असेल, तेवढ्याच जागा नासतात. म्हणजे दर आठवा बाइट धोक्याचा. हे कळल्यावर त्याने असा डेमो लिहिला की ज्यात त्या जागांवर बिघडले तर अडेल असे काही ठेवलेलेच नाही आणि आज्ञांची मांडणी प्रत्येक आठव्या बाइटला वळसा घालून पुढे जाते. स्मृती त्याच्याही यंत्रात नासतच असते, पण डेमो अडत नाही.